मधून काठाकडे

चिकटण्याच्या विषयातला आमच्या मोठेबाबांएवढा जाणकार, आणि स्वतः कुणाच्या जवळ जाण्याच्या बाबतीत त्यांच्याएवढा नालायक माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे. मोठेबाबा म्हणजे माझ्या मुलांचे मोठेबाबा. माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. जगात जे काही उभं आहे ते एकाला दुसरं चिकटल्यामुळे उभं आहे, मग ती भिंत असो, झाड असो की माणसाचं कातडं, असा त्यांचा सिद्धान्त होता आणि तो ते दूधवाल्यापासून देवीची लस टोचायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना उभ्याउभ्या ऐकवत. लग्न मात्र त्यांनी केलं नाही. मुलगी बघायला म्हणून एकदा सेलूला गेले होते, तिथं पोह्यांची बशी हातात घेऊन बशीला पोहे चिकटतात पण शेंगदाणे का चिकटत नाहीत, हे मुलीच्या बापाला पाऊण तास समजावून आले. होकार-नकार कळवायची वेळ कुणावरच आली नाही.

मला मात्र त्यांनी काहीही थेट समजावलं नाही, कारण आमच्या सासरी भासरा आणि धाकटी भावजय यांच्यासाठी एक दंडक होता. एकमेकांना शिवायचं नाही, समोरासमोर बोलायचं नाही, हातातून हातात काही द्यायचं नाही. मी सून म्हणून पिपरीला आले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. आजूबाजूला नवीन प्लॉट पडत होते, घरोघरी रेडिओ वाजत होते, मी स्वतः शाळेच्या कार्यालयात लिपिक होते आणि सकाळी सायकलनं नोकरीवर जात होते. पण दंडक जागच्या जागी. त्यांचा चहाचा कप मी स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचं. मग त्यांनी पुढे येऊन तो उचलायचा. रिकामा कप त्यांनी पायरीवर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचं, मग मी. दिवसातून चार वेळा ही कवायत चाले आणि सासूबाई पाटावर बसून तिच्यावर देखरेख करत. बोलणं बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीमार्फत होई. "त्यायले सांगजो, आज वरणात मीठ पडलंच नाई," असं ते भिंतीला म्हणत. मी पलीकडून भिंतीला म्हणे, "त्यांना सांग, मीठ समोर वाटीत ठेवलं आहे." भिंत दोघांचं ऐकून घेई आणि कुणाचीच बाजू घेत नसे. घरात एवढ्या समंजसपणे वागणारं दुसरं कोणी नव्हतं.

नोकरी त्यांना मिळाली तीही चिकटवण्याचीच. वर्ध्याच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. बेडकाच्या नाहीतर उंदराच्या आतड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि ते काचेच्या पट्टीवर चिकटवायचे, हे त्यांचं काम. कापाखाली अंड्याच्या पांढऱ्याचा एक थेंब करंगळीनं पुसला की काप सुटत नाही, ही त्यांची खास विद्या. कॉलेजातली अंडी इतर सहायक उकडून खातात म्हणून त्यांनी एकदा चार अंडी घरी आणली आणि माझ्या लोणच्याच्या बरणीमागे लपवली. सासूबाई माळकरी. अंडी सापडली तेव्हा त्यांनी जो आवाज काढला तो ऐकून शेजारचे धावत आले. "आई, खायसाठी नाई आणलं, चिकटवायसाठी आणलं," असं मोठेबाबा काकुळतीला येऊन सांगत होते, आणि शेजारी त्यांच्याकडे असे बघत होते की खायला आणली असती तर बरं झालं असतं.

त्यापुढचा प्रकार स्पंजाचा. धाम नदीतल्या दगडांखाली हिरवट, खरबरीत, कुजक्या वासाचा एक थर वाढतो. तो वनस्पती नसून प्राणी आहे हे मला मोठेबाबांकडून, म्हणजे भिंतीकडून कळलं. त्यांनी तो खरवडून घरी आणला, माझ्या पुरण गाळायच्या मलमलीत बांधला आणि माझ्या बोगण्यात, रोजच्या वरणाच्या पातेल्यात, पिळून काढला. खाली उरलं ते गढूळ पाणी. त्यावर झाकण, झाकणावर कागद: 'हलवू नये.' त्यांचं म्हणणं असं, की मलमलीतून गाळून या प्राण्याची पेशी न् पेशी सुटी केली तरी तो मरत नाही. सुट्या पेशी तळाशी रांगत राहतात, एकमेकींना टेकतात, चिकटतात आणि दोन-चार दिवसांत त्यांचा पुन्हा एक प्राणी होतो. पुढे त्यांनी आमच्या शेतातल्या विहिरीतला दुसऱ्या जातीचा स्पंज आणला आणि दोन्ही एकाच बोगण्यात पिळले. चौथ्या दिवशी झाकण काढून त्यांनी सगळ्या घराला बोलावलं. मला सगळीकडे सारखाच गाळ दिसत होता, पण त्यांनी काडीनं दाखवलं, या गुठळ्या नदीच्या आणि या विहिरीच्या. एकत्र मिसळल्या तरी आपापल्याच जातीला शोधून चिकटल्या! सासूबाईंना हे फार आवडलं. "पाय," त्या मला म्हणाल्या, "किड्यायले बी जात समजते. अन् तुमच्या शाळेत सारे एका पंगतीत जेवून राह्यले."

मोठेबाबांनी झाकण लावलं. "आई," ते म्हणाले, "त्यायले डोकं नाई, म्हून ते जात पायतात."

सासूबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. तोवर तेही भिंतीमार्फतच चाललं, म्हणजे भिंतीचं काम दुप्पट झालं. आणि एवढं धारदार बोलणारा हा माणूस संध्याकाळी पुन्हा पायरीपाशी येऊन मी मागे सरण्याची वाट बघत उभा. डोकं नसलेल्यांच्या यादीत मी त्या दिवशी एक नाव मनातल्या मनात वाढवलं. बोगणं तीन वेळा राखेनं घासलं, मलमल फेकून दिली.

पाहुण्यांचा ते छळ करत. काचेच्या दोन सपाट तुकड्यांमध्ये पाण्याचा एक थेंब घालून ते तुकडे एकमेकांवर ठेवायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "वढा." कुणालाच ओढता येत नसत. पोस्टमन एकदा रजिस्टर पत्र द्यायला आला आणि वीस मिनिटं काचा ओढत बसला. पलीकडच्या गल्लीतली पत्रं त्या दिवशी गेलीच नाहीत. पाल काचेवरून कशी चढते ते बघायला खिडकीशी तासन्‌तास उभे राहत आणि "तिच्या पायाले डिंक नाई, काईच नाई, नुसती जवळीक," असं स्वतःशी म्हणत. चिंचोक्याची खळ, बाभळीचा डिंक, उडदाचं पीठ यांची मिश्रणं करून त्यांनी घरातली प्रत्येक फुटकी वस्तू जोडली आणि जोडता याव्यात म्हणून दोन-तीन न फुटलेल्याही फोडल्या, असा माझा संशय आहे. शेजाऱ्यानं नवीन कुंपणभिंत बांधताना आमच्या जागेत हातभर सरकवली, तेव्हा तर कमाल. माझे यजमान भांडायला निघाले. मोठेबाबा म्हणाले, मी बोलतो. गेले आणि शेजाऱ्याला त्यांनी सांगितलं, की शरीरातली चांगली पेशी वाढत वाढत शेजारणीला टेकली की थांबते. जी टेकल्यावरही थांबत नाही, वरून चढते, तिचा पुढे कॅन्सर होतो. शेजाऱ्याला वाटलं हे दवाखान्याबद्दल काही सांगताहेत. त्यानं चहा पाजला, स्वतःच्या काकाच्या आजाराची हकिकत ऐकवली, आणि भिंत आहे तिथंच राहिली. आजही आहे.

एकाच जागी त्यांची विद्या कामाला येताना मी पाहिली, ती शेतात. आमची थोडी संत्र्याची झाडं होती. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटव्याची कळी, बसवायचा, म्हणजे खुंटाच्या सालीला चीर द्यायची, आत डोळ्याची चकती सरकवायची आणि वरून पट्टी बांधायची. गावातले लोक हे काम झपाझप करत. मोठेबाबा एका डोळ्याला पाव तास घेत. चकती आत गेली की तिच्यावर अंगठा ठेवायचे आणि मधून काठाकडे, मधून काठाकडे असा हळूहळू फिरवायचे. मजूर बाया हसत. "काऊन जी बाबूजी, झाडाले मालिश करून राह्यले का?"

"आतमधी हवा राह्यली तं डोळा उपाशी मरते," ते म्हणत. "टेकला पायजे. दाब द्यायचा, चेपायचं नाई."

बायांशी असे मोकळे बोलत, पण बांधावर मी डबा घेऊन आले की उठून पलीकडच्या झाडाखाली जात. त्यांनी बसवलेले डोळे मात्र सगळे धरत. हे मी मान्य करते. मोजून पाहिलं होतं.

आता संक्रांत. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, माझ्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती. मी तिळगुळाचा पाक करत होते, पाक कडक झाला होता, शाळेला उशीर होत होता, आणि मी कढई फडक्यानं न धरता पदरानं धरली. कढई सुटली. उकळता पाक माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर आणि बोटांवर पडला. उकळतं पाणी पडलं तर ओघळून जातं. पाक जात नाही. तो बसतो आणि भाजत राहतो. मी डाव्या हातानं तो ओरबाडायला गेले तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "ओढू नका म्हणा! कातडं येईल! पाणी! पाणी वता म्हणा!" घरात म्हणायला कोणी नव्हतं. सासूबाई देवळात, यजमान रेल्वेच्या ड्यूटीवर, मुलं शाळेत. मोठेबाबांनी पायरीवर उभं राहून, एक पाऊल आत न टाकता, भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी माझ्यावर फेकली. मग दुसरी फेकली. मी नखशिखान्त भिजले, चूल विझली, तीळ अंगणापर्यंत वाहत गेले. नंतर त्यांनी रिक्षा आणली, रिक्षावाल्याकरवी मला बसवलं, आणि स्वतः मागून सायकलवर दवाखान्यापर्यंत आले.

डॉक्टरीणबाईंनी मांडीचं पातळ कातडं काढून हातावर लावलं आणि पट्टी बांधली. सांगितलं, पाच दिवस बोट हलवायचं नाही. तिसऱ्या दिवशी कॉटवरची चादर मला वाकडी दिसली. मी ती सरळ केली, दोन्ही हातांनी. फक्त एकदाच, असं मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पट्टी सोडली तेव्हा कातडं खालून सुटलेलं होतं आणि भिजल्या कागदासारखं लिबलिबीत होऊन काळं पडलं होतं. एवढ्यावर थांबलं नाही. उघडी बोटं शेजारच्या बोटांना चिकटायला निघाली होती. मधे औषधी जाळी घालून ती वेगळी ठेवावी लागली. जिथं चिकटायला हवं तिथं चिकटलं नाही आणि जिथं नको तिथं चिकटत होतं. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. "आणखी एकदा लावू," त्या म्हणाल्या. "पण या वेळी सुटलं तर बोटं आखडतील. पेन धरता येणार नाही."

माझी नोकरी हाताची होती. दाखले, हजेरीपट, पत्रं, सगळं माझ्या अक्षरात. त्या रात्री काय झालं ते लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी हात उघडाच ठेवला, फळीला बांधून. कातड्याखाली पाणी साचलं तर दिसावं म्हणून. साचलं की काडीला गुंडाळलेल्या कापसानं ते हलकेच कडेला लोटून काढायचं, दर तासाला. वॉर्डात चाळीस खाटा आणि एक सिस्टर. "घरचं कोणी तरी बसवा," ती म्हणाली. पहिल्या दिवशी यजमान बसले. त्यांनी हाताकडे एकदा पाहिलं, पांढरे पडले आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीच्या पायांवर कोसळले. सिस्टरला एकाऐवजी तीन पेशंट झाले. मग सासूबाई बसल्या. त्यांचा हात थरथरत असे, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोठेबाबा व्हरांड्यात उभे, खिडकीच्या गजांपलीकडे, दंडकाला धरून. तिथं त्यांना बोलायला भिंतही नव्हती, म्हणून ते खिडकीच्या चौकटीशी बोलत. "आईले म्हणा, मधून काठाकडे. काठाकडून मधात नाई."

"मले शिकवू नको," सासूबाई म्हणत. "तुले मीच धुतलं लहानपणी."

त्याच दिवशी दुपारी मधल्या बोटाच्या बुडाशी कातडं वर आलं. हरभऱ्याएवढा फुगा. मला दिसत होता, सांगताही येत होतं, पण माझा एक हात फळीला बांधलेला आणि दुसऱ्यात सलाइनची सुई. सासूबाई कापूस फिरवत होत्या तो मनगटाशी. "इथं नाही, वर," मी म्हटलं. त्या आणखी खाली गेल्या. मग त्यांनी नीट दिसावं म्हणून वाकून जोरात दाबलं, आणि कातड्याची कड सरकताना मी पाहिली. मी ओरडले. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती.

मोठेबाबा आत आले. एवढंच. खिडकीतून गेले आणि दारातून आले. खाटेशी येऊन थांबले. सासूबाईंना अंधुक दिसत होतं तरी कोण आलंय ते कळलं.

"काऊन रे? भासरा हायेस तू!"

"आई, हे कलम हाये," मोठेबाबा म्हणाले. "कलमाले भासरा नसते."

 सासूबाईंच्या हातात कापसाची काडी. तेरा वर्षं पाटावर बसून त्यांनी आमची पावलं मोजली होती, दोन मागे, दोन पुढे. मी डोळे मिटून घेतले. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मोठेबाबा परत फिरले असते, हे मला माहीत होतं. तो माणूस तेवढाच होता. मग सासूबाईंनी काडी पुढे धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मले तं मोतीबिंदू हाये," त्या म्हणाल्या. "मले काई दिसत नाई."

मोठेबाबांनी हात धुतले, दोनदा. स्टूल ओढलं. माझं मनगट डाव्या हातात धरलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्यांचे हात मऊ होते, काचेचं काम करणाऱ्या माणसाचे. कड जागेवर बसवली. मग काडीवरचा कापूस फुग्याच्या मधोमध ठेवला आणि फिरवत फिरवत काठाकडे नेला. पाणी बाहेर आलं. पुन्हा मधून काठाकडे. "दोन-तीन दिवस हे खालचंच पाणी पिऊन जगते," ते म्हणाले. भिंतीला नव्हे, खिडकीला नव्हे. "मंग खालून रगत येऊन जुडते. तोवर टेकून राह्यलं पायजे फक्त. हलू नको, बाई."

बारा-तेरा वर्षांत त्यांनी मला मारलेली ती पहिली हाक. मी हलले नाही. हलायची माझी हिंमतच नव्हती. उरलेले चारही दिवस ते सकाळी कॉलेजात रजेचा अर्ज न देता येऊन बसत आणि अंधार पडेपर्यंत तिथंच असत. पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं कड उचलून पाहिली. उचलली गेली नाही.

घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, आता दंडक गेला. कसला जातोय. पहिल्याच सकाळी मोठेबाबा पायरीपाशी येऊन उभे, नजर भिंतीवर. मी चहा केला, डाव्या हातानं. कप पायरीवर ठेवला नाही. पुढे धरला. सासूबाई पाटावर होत्या. त्यांना तेव्हा काही दिसत नव्हतं. मोठेबाबांनी भिंतीकडे पाहिलं. "त्यायले म्हणा," ते भिंतीला म्हणाले, "हात अजून कच्चा हाये. गरम धरू नये." आणि माझ्या हातातून कप घेतला. त्या दिवसापासून पायरीवर कप ठेवला गेला नाही. भिंतीशी बोलणं मात्र सुटलं नाही. 'बाई' अशी हाकही त्यांनी पुन्हा कधी मारली नाही. दवाखान्यातल्या त्या पाच दिवसांबद्दल दोघांपैकी कुणीही कधी काही बोललं नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांनी माझ्या नव्या बोगण्यात पुन्हा काहीतरी पिळून ठेवलं. मी ते फेकलं. भिंतीनं दोघांचंही ऐकलं.

आता ते नाहीत, सासूबाई नाहीत. माझ्या हाताच्या पाठीवर मांडीच्या रंगाचा एक तुकडा आहे, बाकीच्या हाताहून गोरा. सगळं लिहिणं त्याच हातानं होतं, हेसुद्धा. थंडीत तो कोरडा पडतो आणि तडकतो. मग मी खोबरेल तेल घेऊन स्वयंपाकघरात बसते आणि डाव्या अंगठ्यानं ते चोळते, मधून काठाकडे. दाब द्यायचा, चेपायचं नाही. चोळून झालं की घरात कोणी ऐकत नाही ना ते बघून घेते आणि समोरच्या भिंतीला सांगते, "त्यांना म्हणावं, अजून सुटलेलं नाही."